घोरणं ऐकणाऱ्याला विचारा : कोल्हापुरातल्या एका ट्रक ड्रायव्हरच्या झोपेचं प्रकरण

पार्श्वभूमी

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांचा माल रात्री रस्त्याला लागतो. संध्याकाळी कास्टिंग भरायची, नऊच्या सुमारास गाडी काढायची, पहाटे चाकण गाठायचं, सकाळी कंपनीचं गेट उघडलं की खाली करायचं आणि मिळालं तर रिटर्न भाडं घेऊन पुन्हा रात्रीच कोल्हापूर धरायचं. हे प्रकरण ज्या ट्रान्सपोर्टमधलं आहे, त्याचा धंदा असाच चालतो. मालक दुसऱ्या पिढीचे, वय पस्तिशीच्या आत. वडिलांच्या काळातले पाच-सहा ड्रायव्हर अजून कामावर आहेत. या कंपनीच्या कामगारांची वार्षिक तपासणी मी करतो, त्यामुळे प्रकरण माझ्याकडे आलं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.

ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांना सगळे ‘वस्ताद’ म्हणतात. वय 47, एकवीस वर्षं स्टिअरिंगवर, खात्यावर एकही मोठा अपघात नाही. तरुणपणी गंगावेशीकडच्या एका तालमीत होते. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. उंची 170 सेंमी, वजन 96 किलो, मानेचा घेर 44 सेंमी. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू, तरीही वरचा आकडा दीडशेच्या खाली क्वचितच यायचा. हा तपशील मुद्दाम देतोय. दोन गोळ्यांनी न आवरणारा रक्तदाब आणि जाड मान एका माणसात दिसली, तर झोपेबद्दल विचारायलाच हवं. इथे मान जाड का, याचं उत्तर सगळ्यांकडे तयार होतं: पैलवानाची मान आहे ती.

काय घडलं

उसाचा हंगाम होता. चाकणहून परत येताना पहाटे चारच्या सुमारास, कराड सोडून पेठ नाक्याच्या अलीकडे, गाडी हळूहळू डावीकडे सरकली आणि कडेच्या लोखंडी कठड्याला घासत गेली. क्लिनर जागा होता. तो ओरडला, वस्तादांनी स्टिअरिंग ओढलं. डावा आरसा गेला, बॉडी घासली, माणसं वाचली.

वस्ताद म्हणाले, रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर आली, ती चुकवली. पटण्यासारखंच होतं; हंगामात त्या पट्ट्यात अशा ट्रॉल्या पावलोपावली असतात. मालकांच्या मनात आधी दारूचा संशय आला होता, पण वस्ताद माळकरी, दारूला शिवत नाहीत. मग ट्रॉलीवर विषय मिटला.

तो पुन्हा उघडला जीपीएसमुळे. ट्रॉली चुकवणारा माणूस ब्रेक मारतो, वेग एकदम पडतो. इथे वेग 62 होता आणि कठड्याला लागेपर्यंत तेवढाच राहिला. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 17 मीटर. चार सेकंदांची डुलकी लागली तर पासष्ट-सत्तर मीटर गाडी ड्रायव्हरशिवायच धावते. डुलकी लागलेल्याला पुष्कळदा आपण झोपलो होतो हे कळतसुद्धा नाही. म्हणून वस्ताद खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. जाग आल्यावर डोळ्यांसमोर जे दिसलं, त्याची त्यांनी गोष्ट जुळवली असावी.

मालकांचा पहिला निर्णय

मालकांनी आरडाओरडा केला नाही. वस्तादांना रात्रीच्या फेरीवरून काढून दिवसा लोकलला लावलं: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. त्यांचा तर्क असा की रात्रीचं जागरण झेपत नाही, वय झालं, दिवसा काही होणार नाही.

बहुतेक मालक हेच करतात, आणि या प्रकरणात सर्वांत धोक्याचा निर्णय हाच होता. झोप मोडण्याचं कारण घशात असेल, तर ते रात्री अंथरुणावर काम करतं आणि त्याचं देणं दिवसभर फेडावं लागतं. दुपारी दोन ते चार ही वेळ शरीराच्या घड्याळानुसार पहाटेखालोखाल झोपाळू. जेवण करून कागलहून निघालेली गाडी तावडे हॉटेलच्या चौकात याच वेळी पोचते, आणि तिथे दुचाक्या आणि शाळेच्या रिक्षा यांची गर्दी असते.

तीनेक आठवड्यांनी वस्ताद वजनकाट्यावर रांगेत उभे असताना झोपले. इंजिन चालू, पाय ब्रेकवर. मागच्याने हॉर्न मारमार मारला, शेवटी काट्यावरच्या पोराने दार वाजवून उठवलं. त्या दिवशी मालकांचा मला फोन आला. “डॉक्टर, वस्तादांचं काय करू सांगा. काढवत नाही आणि ठेववतही नाही.”

कागदावरची तपासणी आणि घरातली तपासणी

आजाराबद्दल, म्हणजे स्लीप ॲप्नियाबद्दल, थोडक्यात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा श्वासमार्ग इतका दबतो की हवा आत जायची थांबते. छाती-पोट ओढ घेत राहतात, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा श्वास येतो आणि पुन्हा तेच चक्र. किमान दहा सेकंदांच्या अशा थांब्यांना आणि अर्धवट अडलेल्या श्वासांना झोपेच्या तासांनी भागलं की एएचआय हा आकडा येतो. पाचच्या आत सर्वसाधारण, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. आठ तास झोपूनही माणूस शिळा उठतो तो यामुळे. घशाला कोरड, सकाळी डोकं जड, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, ही सोबतची लक्षणं.

चाळणीसाठी दोन प्रश्नावल्या सर्रास वापरतात. ‘स्टॉप-बँग’मध्ये आठ हो-नाही प्रश्न: घोरणं, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलं का, रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 35 च्या वर, वय 50 च्या वर, मान 40 सेंमीहून जाड, आणि पुरुष आहे का. पाच किंवा जास्त ‘हो’ म्हणजे जोखीम मोठी. दुसरी ‘एपवर्थ’. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी ती 1991 साली मांडली. आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन अशी सांगायची. बेरीज दहाच्या वर गेली तर झोपाळूपणा जास्त.

वस्तादांनी दोन्ही कागद ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात भरले. समोर मॅनेजर, शेजारच्या खुर्चीवर मालक. घोरता का? नाही. थकवा? नाही. श्वास थांबल्याचं कुणी सांगितलं? नाही. पुरुष, जाड मान आणि रक्तदाब या तीन गोष्टी लपवता येत नाहीत, म्हणून स्टॉप-बँगचे गुण तीन. वय पन्नाशीच्या आत, बीएमआय 33, म्हणून ते दोन गुणही नाहीत. एपवर्थ चार. या कागदांवर कुणीही त्यांना गाडीवर पाठवलं असतं.

मी क्लिनरला एकट्याला बोलावलं. पोरगं बावीस वर्षांचं, आधी बोलेना. मग म्हणालं, “वस्ताद झोपलं की दहा मिनटांत घोराय लागत्यात. मग मधीच गप. एकदम गप. मला वाटतंय, गेलं. मी पाय हलवतो, मग मोठ्यानं श्वास घेत्यात आन् परत सुरू.” चाकणला गेट उघडायची वाट बघत दोघं केबिनमध्येच झोपतात, त्यामुळे हे त्याच्या रोजच्या पाहण्यातलं. हे कुणाला सांगायचं असतं, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वस्तादांच्या संमतीने त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवता ठेवता सांगितलं, “मी पोरींच्या खोलीत झोपते, सात-आठ वर्षं झाली. घोरण्यानं नाही जाग येत आता. आवाज थांबला की येते.” तिथेच, मालक समोर नसताना, दोन्ही प्रश्नावल्या पुन्हा भरल्या. स्टॉप-बँग सहा. एपवर्थ पंधरा. सिग्नलला गाडी थांबल्यावर डुलकी लागेल का, या प्रश्नाला वस्ताद बराच वेळ गप्प राहिले आणि वहिनींकडे बघून “दोन” म्हणाले.

माणूस तोच, प्रश्न तेच, मध्ये फक्त एक रात्र गेलेली. तीनवर सोडून देता येतं, सहावर देता येत नाही. ड्रायव्हरांच्या चाळणीची प्रश्नावली नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर भरून घेतली, तर तिचा उपयोग फाइल भरण्यापुरता. श्वास अडतो त्या वेळी आजार असणारा माणूस झोपलेला असतो, आणि खरं उत्तर त्याचं घोरणं ऐकणाऱ्याकडे असतं.

पर्याय

मालक, मी आणि वस्तादांचे थोरले भाऊ असे तिघे बसलो. वस्ताद नंतर आले.

कामावरून काढायचं, हा पर्याय मालकांच्या चुलत्यांनी फोनवर सुचवला होता. कायद्याने सोपा दिसतो, पण ड्रायव्हरची टंचाई इतकी आहे की वस्ताद आठ दिवसांत गांधीनगरातल्या दुसऱ्या ट्रान्सपोर्टवर दिसले असते. लायसन्स शाबूत, आजार शाबूत, रस्ता तोच.

जोड ड्रायव्हर द्यायचा, तर फेरीचा खर्च परवडत नाही. शिवाय जोडीदार मागे झोपलेला असताना स्टिअरिंगवर वस्तादच.

तिसरा पर्याय, तासांचा नियम पाळतो म्हणून सांगायचं आणि सोडून द्यायचं. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती (2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). मॅनेजर हेच पुन्हा पुन्हा सांगत होते. तासांचा नियम स्टिअरिंगवरचे तास मोजतो. अंथरुणावरच्या तासांत झोप झाली की नाही, ते त्याला दिसत नाही.

चौथा पर्याय, तपासणी पुरी होईपर्यंत गाडीची किल्ली काढून घ्यायची, मग उपचार, मग परत गाडीवर. अडचण एकच, पण तीच सगळ्यांच्या मुळाशी. वस्तादांचा पगार 16,000. उरलेली कमाई फेऱ्यांच्या भत्त्यावर. गाडी सुटली की भत्ता सुटला. थोरली मुलगी नर्सिंगला, तिची फी भत्त्यातून जायची. माणूस आजार का लपवतो, याचं कारण शोधायला मानसशास्त्रात शिरावं लागत नाही.

मी मालकांना स्पष्ट सांगितलं की आधी पैशाचं ठरवा, मग मी चाचणीचं बोलतो. त्यांनी एक रात्र मागून घेतली. सकाळी कळवलं: मागच्या तीन महिन्यांची सरासरी कमाई, भत्त्यासकट, उपचार बसेपर्यंत चालू राहील, जास्तीत जास्त तीन महिने. लेटरहेडवर लिहून दिलं. तो कागद हातात आल्यावर वस्ताद पहिल्यांदा मोकळं बोलले. पेठ नाक्याच्या आधीही दोनदा असं झालं होतं, एकदा खंबाटकीच्या उतारावर.

काय केलं

आधी गोपनीयतेचं ठरलं. रिपोर्ट वस्तादांचा, तो मालकांना मिळणार नाही. मालकांना माझ्याकडून फक्त “गाडीवर चालेल” किंवा “थांबवा” एवढंच. मात्र मी “थांबवा” म्हटलं आणि वस्ताद तरी गाडीवर दिसले, तर मी गप्प बसणार नाही, हेही त्यांच्यासमोर बोललो आणि त्यांची सही घेतली. नंतर सांगितलं असतं तर तो दगाफटका वाटला असता.

छातीविकारतज्ज्ञांनी घरीच झोपेची चाचणी लावली. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. एएचआय 41. ऑक्सिजन सर्वांत खाली 71 टक्के. सर्वांत लांब थांबा 58 सेकंदांचा. हा तीव्र स्लीप ॲप्निया.

उपचार सीपॅपचा: मास्कमधून सतत हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र. कॉलिन सुलिव्हन यांनी सिडनीत 1981 साली हा उपाय जगापुढे आणला, आणि आजही तीव्र आजारात पहिला उपाय हाच. यंत्र बेचाळीस हजारांना पडलं. निम्मे मालकांचे, निम्मे बिनव्याजी हप्त्याने पगारातून. वजन उतरवणं आणि कुशीवर झोपणं सोबत सांगितलं. सर्दी झाली की मेडिकलमधून आपल्या मनाने गुंगीची गोळी घ्यायची नाही, हेही बजावलं. ड्रायव्हर लोक ती सहज खातात.

पहिला आठवडा वाया गेला, तो मिशीमुळे. नाकावर बसणारा मास्क वस्तादांच्या झुपकेदार मिशीवर टेकायचा आणि कडेने हवा फुसफुसत डोळ्यांत जायची. पहाटे मास्क उशाखाली. दुकानदाराने पट्टे आणखी आवळले, तर नाकाच्या हाडावर वण उठला. मिशी काढा म्हणायची कुणाची छाती नव्हती, माझीही नव्हती. शेवटी नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क आणला. तो मिशीच्या वर राहतो. दुसऱ्या दिवसापासून पाच तास.

दुसरी अडचण विजेची. गावाकडे रात्री लाइट जाते, यंत्र बंद पडतं. बॅकअप बॅटरी घेतली. गाडीच्या केबिनसाठी 24 व्होल्टवर चालणारा इन्व्हर्टर बसवला. केबिनमधल्या धुळीने यंत्राचा फिल्टर लवकर भरतो. तो साफ करायचं काम क्लिनरने स्वतः मागून घेतलं.

परत गाडीवर कधी पाठवायचं, यासाठी हाताशी इथला नियम नव्हता. व्यावसायिक लायसन्सला लागणाऱ्या फॉर्म 1-अ मध्ये डॉक्टर नजर, रंग ओळखणं, ऐकणं पाहतो. ड्रायव्हर फॉर्म 1 मध्ये फेफरं, चक्कर वगैरे नाही असं स्वतः लिहून देतो. झोपेचा वेगळा प्रश्न कुठेच नाही. युरोपीय संघाच्या 2014 च्या निर्देशात मात्र मध्यम-तीव्र ॲप्निया स्पष्ट नोंदवला आहे. उपचार नीट चालू असल्याचा दाखला आणि व्यावसायिक ड्रायव्हरची निदान वर्षातून एकदा फेरतपासणी, अशी त्यातली अट. आम्ही तोच धागा धरला. यंत्रातल्या नोंदीनुसार सत्तर टक्के रात्री चार तास किंवा जास्त वापर, एपवर्थ दहाच्या खाली, आणि वहिनी व क्लिनर दोघांचा होकार. यातलं एक जरी नसेल तरी “थांबवा”.

निकाल

पाचव्या आठवड्याच्या शेवटी वापर सरासरी सव्वापाच तास, यंत्र लावून एएचआय चार, एपवर्थ सहा. रक्तदाब पाच-सहा आकड्यांनी उतरला, गोळ्या तशाच चालू. वजन जेमतेम दोन किलो कमी. पहिले पंधरा दिवस दिवसाची फेरी, शेजारी दुसरा ड्रायव्हर, मग रात्रीची. त्यानंतर गाडी सरकल्याची घटना नाही. अर्थात एका माणसाच्या काही महिन्यांवरून उपचाराची परीक्षा होत नाही. त्यासाठी अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रक कंपनीच्या ड्रायव्हरांवरचा 2016 चा अभ्यास बघावा: ॲप्निया असून उपचार न घेणाऱ्यांकडून टाळता येण्याजोगे अपघात पाचपट झाले, नियमित उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्या ड्रायव्हरांसारखंच राहिलं.

मालकांनी मग सगळ्यांचीच चाळणी करायचं ठरवलं. पगाराची हमी आधी नोटीस बोर्डावर लावली, माणसं नंतर बोलावली. प्रश्नावली घरी, बायको किंवा आई समोर. क्लिनरशी वेगळं बोलणं. वस्तादांनी यंत्र ऑफिसात आणून टेबलावर लावून दाखवलं. तरुण पोरं हसली, पण त्याच आठवड्यात दोघं जण आपणहून विचारायला आले, त्यातला एक जेमतेम तिशीचा आणि शिडशिडीत. जबडा मागे असला की बारीक माणसालाही हा आजार होतो, म्हणून अंगकाठीवरून कुणाला वगळलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कठडा घासला त्याच दिवशी किल्ली काढून घ्यायला हवी होती. कारण शोधायला वेळ लागणं समजू शकतो, पण त्या वेळात गाडी चालू राहायला नको होती. लोकलचे तीन आठवडे निभावले, त्यात कुणाची हुशारी नाही.

जीपीएस गेली काही वर्षं गाड्यांत होतं, ते बघितलं जायचं डिझेलसाठी. रात्रीच्या फेऱ्यांची वेगाची नोंद आठवड्यातून एकदा पाहिली असती तर खंबाटकीचा प्रसंग कदाचित तिथे सापडला असता. आता हे काम मॅनेजरकडे आहे. ते मन लावून करतात असं म्हणवत नाही.

क्लिनरने सांगितलेलं मालकांपर्यंत पोचायला रस्ता हवा. इथे मी अजून समाधानी नाही. क्लिनरचं काम ड्रायव्हरच्या मर्जीवर. उद्या तो ड्रायव्हर होणार तो या ड्रायव्हरांच्याच हाताखाली शिकून. चुगली केली असा शिक्का बसला तर त्याला कुणी गाडीवर घेणार नाही. सध्या मी दर तीन महिन्यांनी सगळ्या क्लिनरांची ‘डोळे तपासणी’ ठेवतो. डोळे तपासतोच, आणि त्या दहा मिनिटांत बाकीचंही विचारतो.

माल खाली करायची वेळ बदलून मिळाली असती तर पहाटेचा प्रवास टळला असता. मालकांनी चाकणच्या कंपनीला पत्र दिलं, दुपारचा स्लॉट मागितला. उत्तर नकाराचं आलं. उत्पादन सकाळच्या मालावर चालतं म्हणे.

एका ड्रायव्हरने चाचणीला साफ नकार दिला. स्टॉप-बँग पाच, बायकोने श्वास थांबतो असं सांगितलेलं. “थांबवा” म्हटल्यावर तो महिनाअखेरीला काम सोडून गेला आणि आता दुसऱ्यांकडे गाडी चालवतो. त्याच्या नव्या मालकांना मी कळवावं का, यावर आमच्यात दोन मतं पडली. चाचणीच झालेली नसताना आजार आहे असं कुणाला कळवणं मला योग्य वाटलं नाही. वस्तादांना ते पटलेलं नाही. ते स्वतः त्याच्या घरी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा भांडण झालं. दुसऱ्यांदा त्याच्या बायकोने चाचणीला किती पैसे पडतात ते विचारलं, आणि वस्तादांनी माझा नंबर लिहून दिला.